हाव नेमकी कशाची धरायची? अक्षरांची माळ आणि ग्रीडी अल्गोरिदम

क, क, क, म, म, ल अशी सहा अक्षरं सहा चिठ्ठ्यांवर लिहा आणि टेबलावर ओळीत मांडायला घ्या. अट एकच: एकसारखी दोन अक्षरं शेजारीशेजारी येता कामा नयेत. थोडं पुढेमागे केलं की जमतं. क म क म क ल. आता त्यातली ल ची चिठ्ठी काढून तिथे आणखी एक क ठेवा, म्हणजे चार क आणि दोन म. कितीही वेळ बसलात तरी ही मांडणी जमणार नाही.

स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळच. कोडिंगच्या इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न नेहमी भेटतो: दिलेल्या स्ट्रिंगमधली अक्षरं अशी मांडा की सारखी अक्षरं शेजारी येणार नाहीत, आणि ते शक्यच नसेल तर तसं सांगा. उत्तराचा कोड जेमतेम पंधरा-वीस ओळींचा होतो, आणि म्हणूनच प्लेसमेंटची तयारी करणारी बरीच मुलं तो पाठ करून टाकतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण या छोट्या प्रश्नात ग्रीडी पद्धतीचं सगळं मर्म भरलेलं आहे. ते एकदा हाताला लागलं की कोड आपला आपण लिहिता येतो, आणि प्रश्न जरा फिरवून विचारला तरी अडत नाही.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे अक्षरांच्या सगळ्या मांडण्या करून बघायच्या आणि अटीत बसणारी उचलायची. सहा अक्षरांना हे चालून जातं. पण वीस वेगवेगळ्या चिठ्ठ्यांच्या मांडण्या होतात २४ हजार कोटी कोटींच्या आसपास, म्हणजे २४ वर सतरा शून्यं. सेकंदाला शंभर कोटी मांडण्या तपासणारं यंत्र असलं तरी त्याला ७७ वर्षं लागतील. सारखी अक्षरं असली की हा आकडा खाली येतो हे खरं, पण हजार अक्षरांच्या स्ट्रिंगसमोर तो दिलासा काहीच कामाचा नाही.

मग दुसरा रस्ता: पुढचा विचार न करता प्रत्येक पायरीला जे सगळ्यात चांगलं दिसतंय ते उचलायचं आणि पुढे जायचं, मागे वळून बदलायचं नाही. यालाच ग्रीडी म्हणतात, आपल्या भाषेत हावरी पद्धत. ती झटपट चालते. मात्र तिचं उत्तर बरोबर येईलच असं नाही, आणि याचं उदाहरण आपल्याच जुन्या नाण्यांमध्ये आहे.

ऐंशीच्या दशकातली सुटी नाणी आठवा: ५, १०, २०, २५, ५० पैसे. वीस पैशांचं ते षटकोनी ॲल्युमिनियमचं नाणं आणि चार आण्याचं, म्हणजे पंचवीस पैशांचं. दुकानदाराला ४० पैसे परत द्यायचे आहेत आणि कमीत कमी नाणी वापरायची आहेत. हावरा दुकानदार बसेल तेवढं मोठं नाणं आधी उचलेल: २५, मग १०, मग ५. तीन नाणी. पण वीस-वीसची दोन नाणी दिली असती तर काम झालं असतं. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आताच्या १, २, ५, १०, २० रुपयांच्या नाण्यांवर तीच हावरी पद्धत दर वेळी बरोबर उत्तर देते. पद्धत तीच, फक्त नाणी बदलली. म्हणून ग्रीडी वापरताना ‘इथे ती का चालते’ या प्रश्नाचं उत्तर हातात असावंच लागतं. संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची पद्धतही ग्रीडीच आहे. तीसुद्धा रस्त्यांची लांबी ऋण नसेल तरच बरोबर उत्तराची खात्री देते.

आता आपल्या माळेकडे येऊ. ग्रीडी करायचं ठरलं, पण हाव कशाची?

पहिली सुचणारी कल्पना: वर्णक्रमाने जे अक्षर आधी येतं ते घ्यायचं, फक्त मागच्यासारखं नको. क, ख, ग, ग, ग यांवर करून बघा. क घेतला, ख घेतला, ग घेतला, आणि हातात उरले दोन ग. अडकलो. खरं तर ‘ग क ग ख ग’ असं उत्तर होतं. आपण क आणि ख उधळून बसलो, आणि दोन ग ना वेगळं ठेवायला त्यांचीच गरज होती.

दुसरी कल्पना जास्त शहाणी वाटते. पंगतीत वाढतात तसं प्रत्येक अक्षर एकेकदा वाढत जायचं, एक फेरी संपली की दुसरी. तीन क, दोन म, एक ल यांवर हे चालतं: क म ल, क म, क. पण तीन क, एक ख, एक ग घ्या. पहिली फेरी क ख ग, दुसऱ्या फेरीत फक्त क, तिसऱ्या फेरीतही फक्त क. शेवटी दोन क शेजारी. पंगतीचा न्याय सगळ्यांना सारखा, आणि इथे नेमकं तेच नको आहे. ज्याची संख्या जास्त, तोच पुढे अडचण करणार. म्हणून त्याला आधी वाट करून द्यायला हवी.

तर आपली हाव ही: मागच्या जागेवर जे अक्षर ठेवलं ते सोडून, बाकीच्यांपैकी ज्याच्या चिठ्ठ्या हातात सगळ्यात जास्त उरल्या आहेत ते पुढे ठेवायचं. दोन अक्षरांची संख्या सारखी असेल तर कुठलंही घ्या.

क ३, म २, ल १ यांवर चालवून बघू. आधी क ठेवला, क उरले २. आता क चालत नाही, उरलेल्यांत म जास्त, तो ठेवला. म उरला १. आता क २ आणि ल १, म्हणून क. मग म आणि ल दोन्ही एकेक, म घेतला. मग क आणि ल एकेक, क घेतला. शेवटी ल. झाली ‘क म क म क ल’.

कधी कधी मांडणी शक्यच नसते, आणि ते ओळखणं सोपं आहे. पाच क ओळीत ठेवले तर त्यांच्यामध्ये चार फटी पडतात, आणि प्रत्येक फटीत किमान एक वेगळं अक्षर हवं. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या अक्षराच्या संख्येतून एक वजा केला, तर निदान तेवढी तरी इतर अक्षरं हवीत. वेगळ्या शब्दांत, एकूण सात अक्षरं असतील तर कुठलंही अक्षर चारपेक्षा जास्त वेळा नको, आठ असतील तरीही चारच, नऊ असतील तर पाच. सुरुवातीच्या चार क आणि दोन म च्या उदाहरणात हेच बिघडलं होतं: सहात जास्तीत जास्त तीन चालले असते.

इथपर्यंत एवढंच कळलं की ही मर्यादा ओलांडली तर मांडणी अशक्य. मर्यादेत असलो तर आपली हावरी पद्धत हमखास शेवटाला पोचते, हे अजून दाखवायचं आहे. माझ्या मते या प्रश्नातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच वगळून लोक पुढे जातात. तेव्हा जरा थांबून, हवं तर चिठ्ठ्या हातात घेऊन वाचा.

समजा थोडी माळ ओवून झाली आहे आणि काही अक्षरं हातात उरली आहेत. उरलेल्यांची संख्या निम्मी करा. ती विषम असेल तर दोन निम्मी निघतात: सातचं धाकटं निम्मं ३ आणि थोरलं निम्मं ४. सम असेल तर दोन्ही सारखीच, सहाची ३ आणि ३. आता हा नियम लक्षात ठेवा. नुकतंच ओवलेलं अक्षर हातात उरलेल्यांच्या धाकट्या निम्म्यापेक्षा जास्त नको. बाकी कुठलंही अक्षर थोरल्या निम्म्यापेक्षा जास्त नको. नुकत्याच ओवलेल्या अक्षराला कडक मर्यादा आहे, कारण पुढची जागा त्याला मिळू शकत नाही. त्याच्या प्रत्येक चिठ्ठीआधी दुसरं कुणीतरी बसायला हवं.

सुरुवातीला काहीच ओवलेलं नसतं, त्यामुळे नियमाचा दुसरा भागच लागू होतो, आणि ती आपली आधीचीच मर्यादा आहे. म्हणजे आरंभी नियम पाळलेला आहे. एक हावरी पायरी टाकल्यावरही तो टिकतो, एवढं दाखवलं की काम झालं.

त्यासाठी एक छोटी गंमत ध्यानात घ्या. सातचं धाकटं निम्मं ३, आणि सहाचं थोरलं निम्मंही ३. सहाचं धाकटं ३, पाचचं थोरलं ३. एक चिठ्ठी कमी झाली की कालचं धाकटं निम्मं आजचं थोरलं होतं. हे नेहमीच खरं आहे.

आता पायरी टाकली आणि ‘य’ हे अक्षर ओवलं असं धरा. ‘य’ स्वतः थोरल्या निम्म्याच्या आत होतं. त्याची एक चिठ्ठी गेली, तेव्हा ते नव्या धाकट्या निम्म्याच्या आत आलं, आणि नुकतंच ओवलेलं म्हणून त्याला तेवढीच मुभा आहे. याआधी जे ओवलं होतं ते जुन्या धाकट्या निम्म्याच्या आत होतं, आणि तेच आता थोरलं निम्मं. म्हणजे तेही सुरक्षित. राहिली बाकीची अक्षरं. त्यांतल्या कुणाचीही संख्या ‘य’ पेक्षा जास्त नव्हती, कारण आपण ‘य’ निवडलं ते सगळ्यात जास्त होतं म्हणूनच. दोघांची बेरीज उरलेल्या एकूण चिठ्ठ्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही, तेव्हा त्या दोघांतला लहान निम्म्याच्या वर जाऊच शकत नाही. तो जुन्या धाकट्या निम्म्याच्या आत, म्हणजे नव्या थोरल्या निम्म्याच्या आत. नियम टिकला.

आणि आपण अडकतो कधी? हातात उरलेलं सगळंच नुकतं ओवलेलं अक्षर असेल तेव्हा. पण नियमाप्रमाणे ते निम्म्यापेक्षा जास्त नसतं, मग सगळं तेच कसं असेल? म्हणून चिठ्ठ्या संपेपर्यंत अडकणं होतच नाही.

‘सगळ्यात जास्त उरलेलं घ्या’ हे फक्त शेवटच्या भागात, बाकीच्या अक्षरांसाठी लागलं. आपल्या हावेची गरज नेमकी तेवढ्या एका ठिकाणी आहे. याचा उपयोग पुढे होणार आहे.

यंत्राकडून हे करून घ्यायचं तर दर पायरीला ‘सगळ्यात जास्त कोण’ हे चटकन कळायला हवं. त्यासाठी हीप नावाची रचना वापरतात. १९६४ साली जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी हीपसॉर्ट या क्रमवारी लावायच्या पद्धतीसोबत ती मांडली. तिच्यात सगळ्यात मोठी नोंद कायम माथ्यावर असते, आणि ती काढली की पुढची मोठी आपोआप वर येते. प्रत्येक अक्षर आणि त्याची संख्या हीपमध्ये टाका. माथ्यावरचं अक्षर काढा, उत्तराला जोडा, संख्या एकने घटवा. मात्र ते लगेच परत टाकू नका. बाजूला धरून ठेवा आणि पुढचं अक्षर काढून झाल्यावर मग टाका. बहुतेक चुका इथेच होतात. लगेच परत टाकलं की तेच पुन्हा माथ्यावर येतं आणि दोन क शेजारी बसतात. संख्या शून्य झालेलं अक्षर परत टाकलं तर वेगळाच घोळ होतो. स्ट्रिंगमध्ये इंग्रजीची छोटी सव्वीसच अक्षरं येणार असतील तर हीप नसला तरी चालतं. सव्वीस संख्यांची यादी दर वेळी वरपासून खालपर्यंत बघितली तरी काम भरभर होतं, आणि कोड वाचायलाही सोपा राहतो.

याच प्रश्नाचं आणखी एक उत्तर आहे, आणि मला ते जास्त आवडतं. त्यात हीप लागत नाही, दर पायरीला निवडही करावी लागत नाही. रिकाम्या जागांना १, २, ३ असे क्रमांक द्या. सगळ्यात जास्त वेळा येणारं अक्षर घ्या आणि १, ३, ५ अशा विषम जागा भरत जा. ते संपलं की पुढचं अक्षर तिथूनच पुढे. विषम जागा संपल्या की २, ४, ६ या सम जागांवर या. एका अक्षराच्या सगळ्या चिठ्ठ्या संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही.

क ३, म २, ल २ घ्या. क बसला १, ३, ५ वर. म बसला ७ वर, विषम जागा संपल्या, दुसरा म २ वर. ल बसले ४ आणि ६ वर. वाचा: क म क ल क ल म. सुरेख.

धोका फक्त एकाच अक्षराला असतो, जे विषम जागांच्या शेवटी सुरू होऊन सम जागांच्या आरंभी वळतं. वळलेला भाग पुढे सरकत स्वतःच्याच मागच्या भागाला भिडला तर गडबड. पण भिडायचं तर त्या अक्षराच्या चिठ्ठ्या एकूण जागांच्या थोरल्या निम्म्याएवढ्या तरी हव्यात. तेवढ्या असत्या तर सगळ्यात मोठ्या अक्षराच्याही निदान तेवढ्याच असणार, आणि त्याने आधीच सगळ्या विषम जागा भरून टाकल्या असत्या. मग वळायचा प्रश्नच आला नसता. म्हणून सगळ्यात मोठं अक्षर पहिलं घेतलं की पुरे, बाकीच्यांचा क्रम काहीही चालतो. ते पहिलं घेतलं नाही तर काय होतं ते क, ख, ग, ग, ग वर बघा. क १ वर, ख ३ वर, ग ५ वर, मग २ वर आणि ४ वर. क ग ख ग ग. बिघडलं.

आता प्रश्न फिरवू. मांडणी कुठलीही नको, वर्णक्रमाने सगळ्यात आधी येणारी हवी. पाठांतरवाले इथे थबकतात. आपल्याकडे निम्म्यांचा नियम आहे. दर पायरीला वर्णक्रमातलं सगळ्यात आधीचं अक्षर घ्या, पण ते घेतल्यावर नियम मोडणार असेल तर ते सोडून त्याच्या पुढचं बघा. दोन क, एक ख, दोन ग यांवर: क चालतो. मग ख चालतो, उरतात एक क आणि दोन ग. आता क घ्यावा असं वाटेल, पण मग हातात फक्त दोन ग राहतील आणि दोनचं थोरलं निम्मं एकच आहे. म्हणून ग. मग क, मग ग. उत्तर: क ख ग क ग. हाव बदलली, वर्णक्रमाची झाली. तिला आवरणारा नियम मात्र तोच राहिला.

आणखी एक फिरवलेला प्रश्न म्हणजे गोल माळ. दोन्ही टोकं गाठ मारून जोडायची, म्हणजे पहिलं आणि शेवटचं अक्षरही शेजारी. आता मर्यादा कडक होते: कुठलंही अक्षर एकूण संख्येच्या धाकट्या निम्म्यापेक्षा जास्त नको. गोलात पाच क मध्ये चार नाही, पाच फटी पडतात. हीपची पद्धत इथे दगा देऊ शकते. दोन क, दोन ख, एक ग घ्या. क ठेवला, ख ठेवला. आता क आणि ग एकेक आहेत, बरोबरीत ग निवडला गेला. मग पुन्हा क आणि ख ची बरोबरी, ख निवडला, शेवटी क. क ख ग ख क. सरळ माळ म्हणून बरोबर, पण गाठ मारली की दोन क एकत्र. विषम-सम जागांची पद्धत मात्र गोल माळेतही जशीच्या तशी चालते. सगळ्यात मोठं अक्षर विषम जागांवर सुरुवातीपासून बसतं, आणि नवी मर्यादा पाळली असेल तर ते शेवटच्या जागेपर्यंत कधीच पोचत नाही. याच उदाहरणावर बघा: क १ आणि ३ वर, ख ५ आणि २ वर, ग ४ वर. क ख क ग ख. गाठ मारा, सगळं ठीक.

हे सगळं मी क, ख, ग वर समजावलं, पण मराठी शब्दांवर कोड चालवणार असाल तर आधी एक गोष्ट तपासा. संगणकात अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड, आणि तिच्यात काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘काका’ ही स्ट्रिंग पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला चार तुकड्यांची दिसते: क, काना, क, काना. ‘क्ष’ तीन तुकड्यांचा: क, हलन्ताची खूण, ष. असा कोड ‘काका’ बघून म्हणेल की शेजारी सारखं काहीच नाही, मांडणी आहे तशी उत्तम आहे. वाचणाऱ्याला मात्र ‘का’ शेजारी ‘का’ दिसतो. ‘ममता’ दिला तर तो म, त, म, काना असं उत्तर देऊन मोकळा होईल आणि पडद्यावर ‘मतमा’ उमटेल. त शी जोडलेला काना म ला जाऊन चिकटला. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी स्ट्रिंगचे तुकडे माणूस वाचतो तशा पूर्ण अक्षरांत करून घ्या, म्हणजे काना-मात्रा आणि जोडाक्षरं एकत्र धरून. मग ‘काका’ मध्ये दोन का उरतात, दोनचं थोरलं निम्मं एक, आणि कोड बरोबर सांगतो की ही मांडणी शक्य नाही.